बसमावशींची पुढची मालिका

सकाळी दूध उतू जायच्या बेतात असावं, वॉशिंग मशीन घरघरत असावं, नवरा एक मोजा हातात घेऊन दुसरा घरभर शोधत असावा आणि नेमकी तेव्हाच दारावर थाप पडावी, म्हणजे कुठल्याही बाईच्या कपाळावर आठी चढणारच. सुनेच्याही चढली. गॅस बारीक करून, ओले हात गाऊनला पुसत ती दाराकडे निघाली.

"बेल आहे ना दाराला? तरी धपाधपा कोण बडवतंय सकाळी सकाळी?"

"चष्मेवाली असणार," आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "तिचा हात बेलपर्यंत पोचत नव्हता ना, तेव्हापासूनची सवय आहे ती. आता ताडमाड वाढली, पण अक्कल आहे तिथंच आहे."

"मी ऐकलं हं, मावशी!" दाराबाहेरून उत्तर आलं.

दारात खरंच चष्मेवाली होती. समोरच्या इमारतीतली. पाठीवर क्लासची बॅग, नाकावरून घसरणारा चष्मा आणि छातीशी कवटाळलेलं एक जाडजूड पुस्तक. पुस्तकाच्या पाठीवर काळ्या समुद्राचं आणि दीपगृहाचं चित्र होतं.

"काकू, हा घ्या. सहावा भाग. शेवटचा." तिनं पुस्तक पुढे केलं आणि आवाज खाली आणला. "आणि एक वाईट बातमी आहे. यानंतर माझ्याकडे काही नाही. कपाट रिकामं. माझी बारावी आहे ना यंदा, आईनं गोष्टीची सगळी पुस्तकं मामाकडे पाठवून दिली. परीक्षा होईपर्यंत वाचायचं म्हणजे फक्त रसायनशास्त्र. आता मावशीसाठी नवीन मालिका तुम्हालाच शोधावी लागणार."

"मला? अगं, मला त्यातलं काय कळतंय? भुतं, जादू, ड्रॅगन..."

"ड्रॅगन नकोत. मावशीला ड्रॅगन आवडत नाहीत, म्हणते आगीचा धंदा आहे नुसता. भुतं चालतात. गोष्टीत शाळा असेल तर उत्तम. आणि प्रेमाचं त्रांगडं फार नको. एका मुलीमागे दोन मुलं लागली की ती चिडते आणि तीन पानं गाळते." चष्मेवालीनं चष्मा वर सरकवला. "बाकी सोपं आहे. फक्त एक ठरवून ठेवा, पूर्ण झालेली मालिका बघायची की चालू असलेली? सध्या चालू असलेल्याच जास्त भारी आहेत. पण पुढचा भाग यायला कधीकधी दोन-दोन वर्षं लागतात."

सुनेचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"पूर्ण झालेली," ती म्हणाली. शब्द जरा घाईनंच बाहेर पडले. "पूर्णच हवी. शेवटच्या पानापर्यंत छापून झालेली."

चष्मेवालीला त्यात वावगं वाटायचं कारण नव्हतं. ती "मावशी, रडू नकोस हं शेवटी!" असं ओरडून जिन्यावरून धडाधडा उतरली. इकडे दूध उतू गेलं ते गेलंच.

त्याच आठवड्यात सासूबाईंची तपासणी झाली होती. त्या आत बसून ब्लाउजची बटणं लावत होत्या आणि डॉक्टरांनी मुलाला आणि सुनेला बाहेरच्या बोळात बोलावून घेतलं होतं. हृदय फार थकलंय, ते म्हणाले. औषधं देतोय, त्यांना त्रास होणार नाही असं बघू. पण लांबचे बेत करू नका. एखादं वर्ष धरून चाला. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. कुठली तार किती ताण सोसेल आणि कधी बदलावी लागेल, हे सांगण्यात त्याची उमर गेली होती. पण त्या वेळी तो भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचत राहिला. दोघांनी तोंडं पुसून, हसरी करून आत जायचं ठरवलं. गेले.

"काय म्हणाले रे डॉक्टर?"

"वजन कमी करा म्हणाले," मुलगा बोलून गेला.

"माझं? फुंकर मारली तर उडेन मी! माझं कसलं वजन?"

"माझं गं. माझं कमी करायला सांगितलं."

"हां, ते मात्र खरं," असं म्हणून त्या इतक्या मोकळेपणानं हसल्या, की सुनेला बोळात आवरून धरलेलं रडू पुन्हा फुटायच्या बेताला आलं.

तर या सासूबाई. जगातल्या दोन माणसांना त्या 'आई', बाकी सगळ्यांना 'बसमावशी'. शाळेच्या पिवळ्या बसच्या दारात उभ्या राहून त्यांचं सगळं आयुष्य गेलं. पोरांना उचलून वर घ्यायचं, उतरवून आईच्या हातात द्यायचं, मधल्या वेळात दप्तरं सांभाळायची, नाकं पुसायची, खिडकीबाहेर गेलेले हात आत घ्यायचे आणि कोणी ओकलं तर मागच्या भुशाच्या डब्यातला भुसा टाकून वर्तमानपत्रानं पुसून काढायचं. शिक्षण सातवीपर्यंत. वाचन म्हणजे दुकानाच्या पाट्या आणि औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी.

मग त्यांच्या बसमध्ये दोन वेण्यांची एक मुलगी यायला लागली. ती पहिल्या बाकावर बसायची आणि वाचलेली गोष्ट मावशींना सांगायची. दीपगृहात राहणारी एक पोरगी असते. बुडालेल्या जहाजांतली माणसं तिच्याशी बोलतात. त्यांचे निरोप त्यांच्या घरी पोचवायचे, हे तिचं काम. निरोप पोचला नाही तर ते माणूस भिजल्या अंगानं दाराशी येऊन उभं राहतं. दोन वेण्यांची सांगायला बसली की मावशींचं दप्तरांवरचं लक्ष उडायचं.

"आणि मग तिनं दार उघडलं, मावशी, तर दारात..."

कच्चकन ब्रेक. थांबा आला. खाली आई उभी. पोरगी टुणकन उतरून जायची.

"अगं, दारात कोण?"

"उद्या सांगते!"

"मावशी, दार लावा की आता," ड्रायव्हरदादा आरशातून बघत म्हणायचे. "का त्या भुतालाही आत घ्यायचंय? पास आहे का त्याच्याकडे?"

शनिवार-रविवार जाता जायचे नाहीत. सुट्टी तर विचारूच नका. आणि एका सोमवारी दोन वेण्यांचा बाक रिकामा. वडिलांची बदली झाली होती. गोष्ट ऐन रंगात होती. दीपगृहातल्या पोरीला एक निरोप ऐकू आला होता आणि तो तिच्या स्वतःच्याच नावाचा होता. कोणाचा, काय, काही कळलं नाही. मावशींचं जेवणात लक्ष लागेना. मावशींचे यजमान तेव्हा हयात होते. ते म्हणाले, "अगं, खोटी गोष्ट आहे ती."

"खोटी असली म्हणून काय झालं? पोरगी बिचारी कान लावून बसलीय तिकडं."

शेवटी त्या शाळेच्या ग्रंथालयात जाऊन उभ्या राहिल्या. ग्रंथपालबाईंना वाटलं, कोणाचं विसरलेलं दप्तर द्यायला आल्या असतील. "दीपगृहाची गोष्ट हवी होती," मावशी म्हणाल्या. कोणासाठी, असं विचारल्यावर बसचं हँडल धरून घट्टे पडलेला हात त्यांनी स्वतःच्या छातीवर ठेवला. पहिलं पुस्तक वाचायला त्यांना शाळेचं एक अख्खं सत्र लागलं. शाळा सुटायच्या आधी पटांगणात बस उभी असायची, तेव्हा रिकाम्या बाकावर बसून, ओळीखाली बोट धरून. बोट धरायची सवय नंतर कधीतरी सुटली. पुस्तकं मात्र थांबली नाहीत. आणि थांबणार तरी कशी? त्या दीपगृहाचा लेखक पुढचा भाग लिहायला वर्षानुवर्षं लावायचा. तोवर दुसऱ्या मालिका, तिसऱ्या.

पुढे पुढे उलटंच झालं. गोष्ट मावशी सांगायला लागल्या आणि पोरं ऐकायला. त्यातही लबाडी अशी, की थांबा यायच्या जरा आधी त्या बरोबर अशा जागी यायच्या, की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा. सकाळी बसच्या पायरीवर हातपाय झाडणारी, आईचं बोट न सोडणारी पोरं गोष्टीचा पुढचा तुकडा ऐकायला म्हणून निमूट चढायची. चष्मेवाली त्यातलीच. बालवर्गात असताना रोज बसच्या दारात लोळण घेणारी. आता मात्र मावशींना पुस्तकं पुरवायचं काम तिनंच अंगावर घेतलं होतं.

हे सगळं सुनेला लग्न झाल्यापासून माहीत होतं. तिला तेव्हा त्याचं हसूही यायचं. तिनं स्वतः कॉलेजात साहित्य घेतलं होतं. थोरामोठ्यांच्या कादंबऱ्यांवर पानंच्या पानं लिहिली होती, आणि सासू बघावी तर पोराटोरांची भुताची पुस्तकं वाचते. पण आता त्या दारातल्या सकाळपासून तिच्या मनानं एकच घेतलं होतं. आईंना अर्धी गोष्ट टाकून जावं लागता कामा नये. आयुष्यभर त्यांच्या गोष्टी थांब्यावर तुटत आल्या. निदान आता तरी हातात घेतील ती शेवटापर्यंत पुरी व्हावी.

ती पुस्तकांच्या दुकानात गेली. कुमारांचा विभाग वरच्या मजल्यावर होता. तिथं गालिच्यावर फतकल मारून बसलेल्या पोरापोरींतून वाट काढत ती कपाटापाशी पोचली आणि तिचे डोळेच फिरले. काळ्या, जांभळ्या, सोनेरी पाठींची रांगच रांग. सगळ्यांवर कोणाचा तरी मुकुट नाहीतर कोणाचा तरी खंजीर.

"मुलीसाठी बघताय का?" दुकानातली मुलगी मदतीला आली.

"सासूसाठी."

मुलीनं हातातली पुस्तकं खाली ठेवली. मग म्हणाली, "त्यांना काय आवडतं?"

"भुतं चालतात. ड्रॅगन नको. प्रेम बेतानं. आणि मालिका पूर्ण झालेली हवी."

"अय्या, माझीच आवडनिवड आहे की," मुलगी म्हणाली, आणि मग दोघींनी मिळून कपाट उपसायला घेतलं.

घरी आल्यावर फोनवर बघायचं तिनं सुरू केलं. 'ही मालिका आवडली असेल तर ही वाचा' असं सांगणारी पानं होती. त्याखाली जगभरची पोरं एकमेकांच्या झिंज्या उपटत होती. कोणाला अमुक नायिका डोक्यावर घ्यावीशी वाटत होती, कोणाला ती भिंतीत चिणायची होती. त्यातच एका मुलीनं लिहिलं होतं, 'तिसऱ्या भागात जादू शिकवणारी म्हातारी मरते. रुमाल घेऊन बसा.'

सुनेनं ती मालिका तिथंच फुली मारून टाकली. आणि मग तिच्या लक्षात यायला लागलं, की या गोष्टींत म्हातारी माणसं मरतातच. ज्याला त्याला एक म्हातारा गुरू नाहीतर एक आजी, आणि शेवटून दुसरा भाग आला की ती गेलीच म्हणून समजा. का, तर पोरांना स्वतःच्या पायावर उभं राहायचं असतं. लेखकांनी म्हाताऱ्यांशी काय दावा धरलाय कोण जाणे! एक वसतिगृहाची मालिका दुकानातल्या मुलीनं फार वाखाणली होती. तिच्यात एका अख्ख्या खोलीतल्या मुली मेलेल्या असतात आणि त्यांना ते ठाऊकच नसतं. सुनेनं ते पुस्तक दुकानातच चटका बसावा तसं परत ठेवलं होतं.

तेव्हापासून तिनं नियमच केला. आपण आधी वाचायचं, मगच आईंना द्यायचं. दुपारी कपडे दोरीवर टाकले, भांडी पालथी घातली, की ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची आणि पुस्तक शेवटाकडून सुरू करायची. मालिका खरंच संपते ना? म्हातारं माणूस धडधाकट राहतं ना? कोणाचं काळीज बंद पडत नाही ना? शेवट ठीक निघाला तर सुरुवात वाचायची. अशी सुरुवात वाचता वाचता एक दिवस तिची भाजी करपली आणि तिला पहिल्यांदा कळलं, आपणही अडकलो.

एवढ्या चाळणीतून जे उरलं, ते दीपगृहाचा सहावा भाग आईंचा वाचून झाल्यावर तिनं एकेक करून घरात आणलं. एका न्हाव्याच्या दुकानातले आरसे प्रत्येकी वेगळ्या वर्षात उघडतात, ती मालिका. चारही भाग एकदम, सुतळीनं बांधलेले. मग ढग बेतून हवामान शिवणाऱ्या बहिणींची. तिचे तीन. मग नदी वर्षातून एकदा उलटी वाहते त्या गावाची, तिचे पाच.

"अगं, ही काय खैरात?" सासूबाई म्हणाल्या. "चष्मेवाली एकेक द्यायची. तू तर ट्रकच रिकामा केलास."

"तुम्हाला थांबायला लागू नये म्हणून."

"हं," सासूबाई म्हणाल्या. गठ्ठ्याची गाठ सोडून त्यांनी पहिला भाग उचलला. सुतळी नीट गुंडाळून उशीखाली ठेवली. सुतळी टाकून देणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

महिनाभर बरं चाललं. खिडकीशी खुर्ची, पायाखाली पाट, मांडीवर पुस्तक. मुलगा कामावरून आला की आईशेजारी बसून विचारायचा, "काय गं, आज कुठल्या वर्षात गेलीस?" मग त्या त्याला आरशाची गोष्ट सांगायच्या आणि तो बूट न काढताच ऐकत राहायचा. लहानपणी त्यानं कधी ऐकल्या नसतील इतक्या गोष्टी त्या महिन्यात ऐकल्या. अधूनमधून सासूबाईंचे सुनेला शेलके टोमणे मिळत होते.

"सूनबाई, तुझ्या या पुस्तकांतली माणसं फार तब्येतीची आहेत हं. मरण सोड, कोणी साधं खोकतसुद्धा नाही."

"चांगलंच आहे की."

"चांगलं आहे. पण राक्षसाच्या घरात जाऊनही सर्दी होत नाही म्हणजे जरा जास्तच झालं. तू वाढायच्या आधी मीठ चाखतेस, ते कळलंय मला. पण सगळंच अळणी करून ठेवू नको."

सून हसून कपड्यांच्या घड्या घालायला निघून गेली.

आणि मग खोली झाडताना तिला ते दिसलं. पलंगाच्या उशाशी, भिंतीच्या बाजूला, तीन पुस्तकं एकावर एक ठेवली होती. आरशांच्या मालिकेचा चौथा भाग. ढग शिवणाऱ्या बहिणींचा तिसरा. उलट्या नदीचा पाचवा. तिन्ही कोरी करकरीत. कोणी उघडलीसुद्धा नव्हती. आधीचे भाग मात्र वाचून वाचून पार सैल झालेले.

सून झाडू बाजूला ठेवून पलंगावर बसली. शेवटचा भाग वाचतच नाहीत? की वाचवत नाही? थकल्या असतील, दम लागत असेल, की डोळे गेले? आणि आपण आणून टाकतोय पुस्तकांवर पुस्तकं. तिनं नवऱ्याला फोन केला. तो कुठल्याशा लिफ्टच्या खड्ड्यात होता, त्याचा आवाज घुमत होता. "कंटाळली असेल गं," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "डोळे दाखवून आणतेस का?"

ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. सासूबाई खुर्चीत बसल्या आणि समोरच्या तक्त्यावरची वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं घडाघडा वाचून दाखवली. "झालं?" त्या म्हणाल्या. "का खाली छापखान्याचं नाव आहे तेही वाचू?"

डॉक्टर हसले. सून नाही हसली.

परतताना सासूबाई तिचा दंड धरून चालत होत्या. बसच्या दारात कोणाही पोराला धरायच्या तसा, घट्ट आणि तरी न दुखवता. मध्ये दोनदा थांबल्या. दुसऱ्यांदा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. श्वास जमवला. सून शेजारी बसली.

"डोळे का दाखवायला आणलंस?"

"उगाच. बरेच दिवस झाले म्हणून."

"त्या तीन पुस्तकांपायी ना?"

समोरच्या फुटपाथवर एक माणूस सायकलची साखळी बसवत होता. तिकडे दोघी बघत राहिल्या.

"आई, तुम्ही शेवटचे भाग का वाचत नाही? आवडल्या नाहीत का? तसं सांगा ना. मी दुसऱ्या आणते. मी नुसतं..."

"फार आवडल्या. त्या धाकट्या बहिणीनं वादळ उसवायला घेतलंय आणि कात्री सापडत नाहीये, तिथं सोडलीय मी तिला."

"मग वाचा ना पुढचा भाग! आहे की घरात."

"आहे ना. म्हणूनच."

सुनेला कळेना. सासूबाईंनी पदराच्या टोकानं कपाळ टिपलं.

"हे बघ. तुझा नवरा वजनाचं बोलला ना, त्याला मी फसले. अगदी मनापासून फसले. त्याचं पोट बघता कोणीही फसेल. तुम्ही दोघं घरात हसता-बोलता, तेही झकास. तोंडावरून मला काही कळलं नसतं. पण तू पहिली मालिका आणलीस ती पुरी, सगळी एकदम बांधून. म्हटलं, सून हौशी आहे. दुसरी आणलीस, तीही पुरी. तिसरीही. चष्मेवाली परवा खिडकीतून ओरडून सांगत होती, मावशी, सध्या जी ती मालिका अर्धी आहे, पोरं पुढच्या भागासाठी नुसती जीव टाकतायत. आणि माझ्या घरात एकही अर्धी येत नाही. मग कळलं."

"आई, तसं काही..."

"थांब. मी काय इतकी वर्षं उगाच बसच्या दारात उभी होते? पोरगं बसमध्ये गप्प बसलं की त्याच्या घरी काय झालंय ते कळायचं मला. तू तर माझ्या समोर राहतेस." त्यांनी सुनेच्या मांडीवर हात ठेवला. "डॉक्टर किती म्हणाले, ते सांगू नकोस. मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही."

सुनेचे डोळे भरून आले ते तिथंच, बंद दुकानाच्या पायरीवर. बोळात आवरलेलं, स्वयंपाकघरात स्टुलावर बसून आवरलेलं, सगळंच आलं. साखळी बसवणाऱ्या माणसानं एकदा बघितलं आणि शहाण्यासारखं तोंड फिरवलं.

"मला वाटलं," ती हुंदका गिळत म्हणाली, "तुमच्या गोष्टी नेहमी मध्येच तुटल्या. म्हटलं, आता तरी अर्धं काही राहू नये. तुम्हाला शेवट कळावा."

"माहीत आहे गं. चाखून चाखून वाढलंस. माझ्या आईनं नाही एवढं केलं." सासूबाईंनी तिच्या पाठीवर थोपटलं. एक लय होती त्या थोपटण्याला. कित्येक रडकी पोरं त्या लयीवर झोपली असतील. "पण शेवटाचं मला काय करायचंय? ती पोरं बसमध्ये का चढायची, सांग. शाळा आवडायची म्हणून? पुढं काय झालं ते कळायचं राहिलं होतं म्हणून चढायची. तसंच माझंही आहे. सकाळी डोळा उघडला की आधी मनात येतं, त्या पोरीचं काय झालं असेल? मग उठावंसं वाटतं. शेवटचा भाग वाचून टाकला की ते गेलं. म्हणून मी ते भिंतीशी लावून ठेवते. पण त्यातही दम नाही. हात लांब केला की शेवट हाताशी. मोह होतो. काल मी आरशांचा चौथा भाग उघडला होता जवळजवळ."

सून रडता रडता हसली. "मग उघडायचा होतात."

"अगं, चुकून शेवटचं पान दिसलं असतं म्हणजे?"

दोघी हसल्या. सासूबाईंना हसताना धाप लागली, तशी सून त्यांची पाठ चोळत राहिली. सायकलवाल्यानं साखळी बसवली, चाक फिरवून बघितलं आणि तो निघून गेला. सावली पायरीवरून सरकून त्यांच्या पावलांपर्यंत आली होती.

"पण आई," सून हळूच म्हणाली, "पुढचा भाग यायला दोन-दोन वर्षं लागतात त्यांना."

"लागू देत."

"आणि समजा..."

"समजा तर समजा. दोन वेण्यांची पोरगी बस सोडून गेली तेव्हा मी जेवले नाही, एवढंच ना झालं? कोणी तरी मागं राहून वाचेल. तूही आता भाजी करपवतेस, ते काय मला कळत नाही?" त्यांनी सुनेचा दंड धरला आणि उठून उभ्या राहिल्या. दोन श्वास घेतले. मग मुलाच्या लग्नात मानपानाचंही जिनं काही मागितलं नव्हतं, ती बाई तिच्याकडे वळून म्हणाली,

"मला एक मालिका आणून दे. जिचा पुढचा भाग अजून लिहून झालेला नाही, अशी."